रंगाआधीचे डोळे

पेणच्या गणपती कारखान्यांत अजून एक गोष्ट सांगतात. एका कारागिराने गिऱ्हाइकाचा चांदीचा मोदक चोरला, मालकाने त्याला धरला आणि झटापटीत त्याचा उजवा हात मोडला. तो मालक मी. झटापट वगैरे काही झाली नाही. माझ्या मेव्हण्याने त्याचा हात पाटावर दाबून धरला आणि मी माती कुटायच्या मोगरीने त्यावर तीन घाव घातले. मोदकाला त्याने कधी बोटही लावलं नव्हतं. तो सगळा वेळ माझ्या बायकोच्या ट्रंकेत होता.

हे सगळं टीव्हीच्या लायसन्सपायी झालं. आताच्या मुलांना सांगितलं तर ती हसतात. पण त्या काळी रेडिओ घ्या की टीव्ही घ्या, पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागे. एक छोटं पुस्तक मिळायचं. दरवर्षी पैसे भरून त्यात तिकीट लावायचं आणि शिक्का मारून घ्यायचा. टीव्हीचे वर्षाला पन्नास रुपये होते. मला ते जड नव्हते. माझ्या मूर्ती ट्रक भरून मुंबईला जात होत्या. पण सरकारला पैसे न देता टीव्ही बघण्यात मला काहीतरी पराक्रम वाटायचा. गल्लीतला पहिला टीव्ही माझा. रविवारी संध्याकाळी सिनेमाला माझ्या ओटीवर पाय ठेवायला जागा नसे, आणि त्या गर्दीत मी मोठ्याने सांगायचो, "बघा, फुकट बघा. आपण पोस्टाची पायरी चढत नाय."

युक्ती मेव्हण्याची. तो रोह्याला एका कंपनीत होता. टीव्हीची पावती त्याच्या नावावर, रोह्याच्या पत्त्यावर केली. टीव्ही माझ्याकडे पेणला. रोह्याला कोणी विचारलं तर तो सांगायचा, "टीव्ही बहिणीकडं पेनला असतो." पेणला पोस्टमनने विचारलं तर मी सांगायचो, "छे हो, मेव्हण्याचा आहे, चार दिवस आणलाय. लायसन्स रोह्याला." असं दोन वर्षं चाललं. रोहा आणि पेण यांच्या मधे आमचा टीव्ही कुठे नव्हताच.

तिसऱ्या वर्षी श्रावणात मेव्हणा सकाळच्या एस.टी.ने भिजत आला. रात्रपाळी करून तसाच आला होता, डोळे लाल. म्हणाला, "दाजी, काल लायसन्सचा मानूस घरी आलता. दुकानदारानं कोनी कोनी टीव्ही घेतला त्याची यादीच पाठवलीय. मी म्हनलं पेनला हाय. तर हा बाबा म्हनतो, उद्या पेनला जातो. सोडनारा नाय तो."

माझं डोकं फिरलं. पन्नास रुपये भरून मोकळं व्हावं हे मला सुचलंच नाही, असं नाही. बायकोने सुचवलं. "भरून टाका की हो," ती म्हणाली. मी तिला म्हणालो, "तू गप बस." गल्लीसमोर इतकी फुशारकी मारून झाल्यावर पोस्टाच्या रांगेत उभं राहणं मला जमणार नव्हतं.

अँटेना खाली उतरवली, पडवीत आडवी टांगली आणि बायकोने तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले. राहिला टीव्ही. लाकडी शटरवाला, एकट्याला न उचलवणारा. कारखान्यात मागच्या भिंतीपासून दोन हात पुढे एका मंडळाची मोठी मूर्ती उभी होती, प्लास्टरची, पुरुषभर उंचीची, आतून पोकळ. अजून पांढरीफटक होती, रंगाचा हात लागलेला नव्हता. आम्ही दोघांनी टीव्ही मागून तिच्या पोटात सरकवला आणि वर पेंढा कोंबला.

मेव्हणा लांब जाऊन बघून आला आणि म्हणाला, "याला डोळं काढून टाका दाजी. डोळं उघडल्यावर कोन सरकारी मानूस देवाला हलवनार हाय?"

डोळे काढणं, म्हणजे आखणी, हे आमच्या धंद्यात सगळ्यात शेवटचं काम. आधी अंगाचा रंग, मग पितांबर, मग दागिने आणि सगळं वाळल्यावर डोळे. ते काम करणारा माणूसही वेगळा असतो. माझ्याकडचा आखणीवाला खाडीकाठच्या गावातला होता. त्याचा बाप मिठागरात काम करायचा. हा लहानपणी मिठाच्या वाफ्यातल्या चिखलाचे बैल करायचा आणि त्यांना काडीने डोळे काढायचा, असं तोच सांगे. तेव्हा तिशीचा असेल. त्याने काढलेली नजर अशी असायची की मूर्तीपुढून आपण सरकलो की तीही सरकली असं वाटायचं. पेणमध्ये त्याच्या तोडीचे दोघे-तिघेच असतील. हे मी तेव्हाही जाणत होतो.

तो कोपऱ्यात पाटावर बसून छोट्या मूर्तींची आखणी करत होता. मी त्याला मोठ्या मूर्तीचे डोळे काढायला सांगितले. त्याने मान वर करून मूर्ती बघितली, मग मला बघितलं.

"शेट, रंग व्हायचा हाय अजून."

"माहीत आहे. तू काढ."

"कोऱ्या अंगाला डोळं काढीत नाय. आनि काढलं तर तुमचंच अडंल. पांढऱ्या मूर्तीला डोळं बघून जानकार मानूस नेमका तिथंच थांबंल."

"काढतोस की नाही?"

"नाय काढत. कामावरून घालवा."

मेव्हणा म्हणाला, "लई मोठा बामन लागून गेला. द्या इकडं कुंचला." मी कुंचला घेतला आणि डोळे स्वतः काढले. माती माझ्या हातातली, साचे माझ्या हातातले, पण डोळे माझं काम नव्हतं. डावा डोळा अर्धं बोट खाली आला. आखणीवाल्याने एकदा बघितलं आणि मान खाली घालून आपलं काम चालू ठेवलं.

दुपारी लायसन्सचा माणूस आला. पन्नाशीचा, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, छत्री दाराशी टेकवून आत आला. घर बघितलं, पडवी बघितली, टॉवेल उचलून अँटेना बघितली आणि टॉवेल परत नीट ठेवला. मी म्हणालो, "टीव्ही मेव्हण्याने परत नेला." मेव्हणा म्हणाला, "व्हय, दुरुस्तीला टाकलाय." तो हं म्हणाला. मग कारखान्यात आला. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवरून नजर फिरवत सावकाश चालत मागे गेला आणि मोठ्या मूर्तीसमोर थांबला. बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"हा असा कसा?" त्याने विचारलं.

"नवसाचा आहे. आधी डोळे काढायचे असा मंडळाचा नवस."

"असं," म्हणून तो मूर्तीच्या मागे गेला. पेंढ्यात हात घातला. आतून त्याचा आवाज आला, "बाप्पाच्या पोटात मोदक असतात असं ऐकलं होतं. इथं तर शटर लागतंय हाताला."

कारखान्यातल्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ते हसणं मला अजून ऐकू येतं. त्याने कागद भरले, माझी सही घेतली, आठ दिवसांत पोस्टात येऊन लायसन्स काढा आणि दंड भरा म्हणाला. टीव्ही नेलाही नाही. जाता जाता आखणीवाल्याच्या पाटापाशी वाकला. "ही आखणी तुमची?"

"ह्या माझ्या. ती मोठी नाय."

"ते दिसतंयच," तो म्हणाला आणि छत्री उघडून गेला.

एवढंच ते बोलणं. पण मेव्हण्याने माझ्याकडे बघितलं आणि मी मेव्हण्याकडे. सकाळी हा म्हणाला होता की माणूस नेमका तिथंच थांबेल, आणि माणूस नेमका तिथंच थांबला. मी बायांना घरी जायला सांगितलं. दार लोटलं.

मेव्हणा म्हणाला, "कवा गेलतास रे सांगायला? सकाळी गेलतास?"

"कोनाला सांगायला?" आखणीवाला उठून उभा राहिला. त्याच्या हातात कुंचला तसाच होता.

मी पहिली चपराक मारली. तो फळीवर आदळला, चार मूर्ती खाली पडून फुटल्या. त्या फुटल्या म्हणून मी त्याला लाथ मारली. मेव्हण्याने केस धरून त्याला खाली आणलं. त्याने हात उचलला नाही, फक्त डोकं सांभाळत होता आणि म्हणत होता, "शेट, मी नाय. आईच्यान मी नाय." हे ऐकून मला थांबता आलं असतं. उलट त्या आवाजाने मला चेव आला. मी कोपऱ्यातली मोगरी घेतली. जांभळाच्या लाकडाची, मुठीशी घामाने काळी पडलेली. मेव्हण्याने त्याचा हात ओढून पाटावर धरला.

तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला. "उजवा नको शेट! डावा घ्या, उजवा नको!"

मेव्हणा हसला. "डाव्यानं काय चुगली केलीय?"

पहिला घाव बोटांवर बसला, दुसरा मनगटाच्या अलीकडे. तिसऱ्याला आवाज वेगळा आला, सुकं शेणकूट मोडावं तसा. लाल रंगाची वाटी लवंडली होती. पाटावर रंग कुठला आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं. बायको मागच्या दाराने धावत आली आणि भावाच्या पाठीवर दोन्ही हातांनी बडवू लागली. "सोड रे मेल्या त्याला! त्याला पोरं हाईत!" मी तिला ढकललं, ती मातीच्या ढिगावर पडली. मग मात्र माझ्या हातातली मोगरी सुटली.

बाहेर माणसं जमली होती. दार उघडलं. कोणीतरी विचारलं, "काय झालं? काय केलं यानं?" मेव्हणा म्हणाला, "चोर हाय." "काय चोरलं?" आता टीव्हीचं नाव काढलं तर लायसन्सवाला घरी येऊन गेला हे सगळ्या गल्लीला कळणार. एका गिऱ्हाइकाने मूर्तीच्या हातावर ठेवायला चांदीचा मोदक दिला होता, तो मला आठवला. मी म्हणालो, "मोदक." इतक्या सहज म्हणालो की मलाच ते खरं वाटलं. आखणीवाला ओट्याच्या पायरीवर बसला होता, उजवा हात डाव्या हातात मेलेल्या पाखरासारखा धरून. त्याने माझ्याकडे बघितलं. बायको माझ्या मागे उभी होती. तिच्या ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला होती.

दुसऱ्या दिवशी मी मोदक चार जणांना दाखवला. मार बसल्यावर काढून दिला, असं सांगितलं.

आठव्या दिवशी पोस्टात गेलो. तो माणूस तिथेच बसला होता. लायसन्स काढलं, दंड भरला आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "आता सांगून टाका साहेब. तुम्हाला कोणी सांगितलं?"

तो चष्म्यावरून बघत राहिला. "सांगायला कशाला कोण पाहिजे? माझं आजोळ हमरापूरचं. अर्धं बालपण गणपतीच्या कारखान्यात गेलंय. अंगाला रंग नाही आणि डोळे काढलेले, अशी मूर्ती मी जन्मात बघितली नव्हती. तेही असे वाकडे. म्हटलं, याला काहीतरी घाई झालीय."

मी हसलो. तोंडदेखलं का होईना, हसलो. लायसन्सचं पुस्तक खिशात घालून घरी आलो. आखणीवाला तेव्हा सरकारी दवाखान्यात होता, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. बायकोला पोस्टातलं सांगितलं, का ते माहीत नाही. ती म्हणाली, "मग आता जाऊन सांगा सगळ्यांना." मी तिच्या थोबाडीत मारली. तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही, अगदी शेवटच्या दिवसांत दवाखान्यात असतानाही नाही. मोदक मात्र तिने, हात मोडला त्याच रात्री, माझ्या पुढ्यात आणून टाकला होता. "हा माझ्या ट्रंकेत नको," म्हणाली.

दोन-तीन वर्षांत सरकारने लायसन्स रद्दच केलं. मेव्हणा पुढे लग्नाकार्यात ती गोष्ट रंगवून सांगायचा, "बाप्पाच्या पोटात टीव्ही" पर्यंत, आणि तिथेच थांबायचा. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो. तोही आता नाही. आखणीवाल्याला कोणत्याच कारखान्याने परत घेतलं नाही, आणि घेतलं असतं तरी हात राहिला नव्हता. तो बापाच्या मिठागरात गेला. एका हाताने फावडं ओढायचा असं ऐकत होतो.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या गल्लीतल्या कारखानदारांनी मिळून हायवेजवळ रंगकामाला एक मोठी शेड घेतली. आखणीचं काम कोणाकडे द्यायचं ते ठरत होतं. नमुन्याच्या मूर्ती टेबलावर मांडल्या होत्या. त्यातली एक मी लांबूनच ओळखली. खुर्ची सरकवली तशी तिची नजर माझ्याबरोबर सरकली. ती आखणीवाल्याच्या मुलीची होती. बापाने तिला नुसतं बोलून शिकवलं होतं. ती घरी बसून दुसऱ्यांच्या नावावर आखणी करून देते, असं तिथे कळलं.

माझा मुलगा, जो आता कारखाना बघतो, म्हणाला, "काम एक नंबर हाय. पन चोराच्या घरातली हाय. शेडमधे लोकांचं सामान असतं. बापाचं सगळ्यांना ठाऊक हाय. काय अण्णा?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. होकारार्थी हलवली. ऐंशीला टेकलेला माणूस, आणि तेव्हाही मान हलवली.

 चौथ्या दिवशी रिक्षा करून खाडीकाठच्या त्या गावात गेलो. मोगरी बरोबर घेतली होती. ती मी कधी टाकली नव्हती, माळ्यावर होती.

मुलगी दारातच मूर्ती मांडून बसली होती. तिने ओळखलं, पण या म्हणाली नाही. आखणीवाला आत बसला होता. उजव्या हाताची तीन बोटं तळव्यात वळलेली, कायमची.

"कोन? शेट?" तो म्हणाला. "बसा."

मी बसलो. जे सांगायचं ते सांगितलं. पोस्टातलं, मोदकाचं, सगळं. तो ऐकत होता. मग मी मोगरी पुढे ठेवली, मुलीचा पाट ओढला आणि त्यावर माझा उजवा हात ठेवला. "घाल," मी म्हणालो.

त्याने डाव्या हाताने मोगरी उचलली, वजन बघितलं. "हलकी झालीया," म्हणाला.

"बाबा, नको," मुलगी उठली.

त्याने मोगरी उगारली आणि सगळ्या ताकदीने खाली आणली. पाट फुटला. रंगाच्या वाट्या उडाल्या, माझ्या सदऱ्यावर लाल चिळकांडी आली. माझा हात पाटावर नव्हता. मी तो छातीशी ओढून घेतला होता. कधी घेतला ते मला कळलंही नव्हतं.

तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. "बघ गो," मुलीला म्हणाला, "शेटनं हात काढून घेतला. मला काढता आला नवता." मग त्याचं हसणं थांबलं. पहिल्यांदाच मला अरेतुरे करून म्हणाला, "तुझा हात मोडून मी काय करू? त्याला कुठं कामाला जायचंय? आनि मला काय सांगतोस? मी चोरी केली नाय हे मला ठाऊक हाय. जिथं चोर म्हनलास तिथं जाऊन सांग."

पुढच्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं. मुलगा म्हणाला, "अण्णा, तुम्हाला बरं वाटत नाय. घरी चला."

"मला बरं वाटतंय. मी बोलतोय ते ऐक."

माझ्या वयाचा एक कारखानदार होता. तो त्या दिवशी दारात जमलेल्यांत होता. तो म्हणाला, "मोदक तू मला हातात दिलावतास. मीच बाजारभर सांगितलं." आणि माझ्या पायाशी थुंकला. मुलाने माझा खांदा धरून मला खाली दाबलं, खुर्ची कलंडली आणि मी फळीवर जाऊन आदळलो. दोन मूर्ती फुटल्या. कोणी मला उठवायला आलं नाही. मुलगाही नाही. जमिनीवरूनच मी उरलेलं सांगून पुरं केलं.

शेडवाल्यांनी तिला बोलावणं पाठवलं. तिने ते स्वीकारलं नाही. मला निरोप दिला, "तोंडचं बोलनं चार दिवस टिकतं. लिहून द्या, म्हनजे येते." नावं घालू का, असं मी विचारून पाठवलं. नको म्हणाली. नाव न घालताही पेणला सगळ्यांना कळतं, आणि बापाचं नाव पुन्हा चोरीच्या गोष्टीत आलेलं तिला नको होतं.

म्हणून हे लिहिलं. लिहिलेलं आधी त्याच्या घरी वाचून दाखवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. मी कागद घडी करू लागलो तेव्हा म्हणाला, "एक ऱ्हायलं."

राहिलं होतं ते असं. त्या वर्षी मोठी मूर्ती मंडळाला वेळेवर द्यायची होती आणि आखणीला दुसरा कोणी मिळाला नाही. अंग रंगवलं, दागिने रंगवले, पण डोळे माझेच राहिले, डावा अर्धं बोट खाली. मंडळवाले भांडायला आले तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं, तो चोरटा जाताना बिघडवून गेला. ही गोष्ट मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता.

"चोर म्हनलात ते एक," तो म्हणाला. "पन त्ये वाकडं डोळं माझं नवतं. त्ये लिवा."

लिहितो. ते डोळे त्याने काढले नव्हते. मी काढले होते.